उमराह इबादत आहे, पॅकेज सेवा आहे

(सटाणा येथे तरुणांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सटाण्याचाच. अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मी इंजिनिअरिंग नाशिकला केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आयोजकांनी मला सांगितलं होतं, करिअरवर बोला. मी म्हटलं, करिअरवर बोलणारे खूप आहेत, मला एका पावतीवर बोलू द्या.

ही ती पावती. १ लाख ८४ हजार रुपयांची आहे. अम्मी आणि अब्बा, माणशी ९२ हजार, पंधरा दिवसांचा उमराह. यात अब्बांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे आहेत. अम्मीने बावीस वर्षं शिलाई मशीन चालवून बाजूला टाकलेले आहेत. माझेही थोडे आहेत. टूरवाले आपल्याच पट्ट्यातले, ओळखीचे. त्यांचं नाव मी घेणार नाही, कारण आमच्यात समझोता झाला आहे आणि आजचा विषय तो एक माणूस नाही.

जाहिरात व्हॉट्सअॅपवर आली होती. हिरवं चित्र, वर काबाशरीफचा फोटो, खाली चार ओळी : हरमपासून ४०० मीटर. पायी पाच मिनिटं. एका खोलीत दोघं. तीन वेळा भारतीय जेवण.

जानेवारी २०२४ मध्ये दोघं गेले. मी रोज व्हिडिओ कॉल करायचो आणि अम्मी रोज म्हणायची, "सब अच्छा है बेटा." परत आल्यावर चौथ्या दिवशी तिच्या गुडघ्याला शेक देताना विषय निघाला. हॉटेल लांब होतं. मी पत्ता विचारून मॅपवर चालण्याचा रस्ता मोजला, १ किलोमीटर ९०० मीटर भरला. तोही चढाचा. हॉटेलची बस होती, पण पहाटे ती भरून निघून जायची. खोलीत चार माणसं होती, अम्मी तीन अनोळखी बायांबरोबर आणि अब्बा दुसऱ्या मजल्यावर पुरुषांबरोबर. जेवण दोन वेळा.

मक्केत आठ दिवस होते. मी अम्मीला विचारलं, फजरची नमाज हरममध्ये किती वेळा मिळाली? ती गप्प बसली. मग म्हणाली, दोनदा. बाकी सहा दिवस तिने खोलीतच नमाज पढली, कारण पहाटे गुडघा चालू देत नव्हता.

मित्रांनो, १,५०० मीटरचा फरक म्हणजे काय, तर बावीस वर्षं शिलाई केलेल्या बाईच्या सहा फजर. हे नुकसान कोणत्याही पावतीवर लिहिलेलं नसतं.

मी तक्रार करायची म्हटलं, तर पहिला विरोध घरातून झाला. अम्मी म्हणाली, "अल्लाह के घर की शिकायत करेगा क्या?" अब्बा म्हणाले, माणूस आपला आहे, जुम्म्याला शेजारी उभा राहतो, उद्या तोंड कसं दाखवायचं? मामा म्हणाले, सब्र करा, तकलीफ झाली तर सवाब जास्त मिळतो. हे तिघंही मनाने चांगले आहेत. पण आपल्याकडे बोलणं नेमकं इथेच थांबतं, आणि हे टूरवाल्यांनाही माहीत असतं. गोव्याचं हॉटेल खराब निघालं तर आपण रिसेप्शनवर भांडतो. उमराहचं हॉटेल खराब निघालं तर आपण त्याला इम्तिहान म्हणतो.

मी अम्मीला एवढंच म्हटलं, तक्रार अल्लाहच्या घराची नाही, हॉटेलच्या पत्त्याची आहे.

आता बागलाणातल्या माणसाला समजेल असं सांगतो. डाळिंबाच्या क्रेटमध्ये वरच्या थराला मोठा, लाल माल लावायचा आणि खाली बारका, डागी माल भरायचा. व्यापारी क्रेट पालथं करून बघतो, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? हुशार म्हणतो. त्याने सब्र करावा असं कुणी म्हणत नाही. आणि हदीसमधला प्रसंग तुम्ही मदरशात ऐकलेला आहे. पैगंबर बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतला माल ओला निघतो. ते विक्रेत्याला विचारतात, ओला भाग वर का ठेवला नाहीस? फसवणारा आमच्यातला नाही, असा त्या बोलण्याचा अर्थ आहे. ढिगात हात घालून बघणं सब्रच्या विरुद्ध असतं, तर तो हात आत गेलाच नसता.

आता कायद्याकडे येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू २० जुलै २०२०. त्याच्या आधीचा कायदा १९८६चा होता. त्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून आपण त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. पैसे देऊन सेवा घेणारा प्रत्येक जण ग्राहक आहे. सेवा कबूल केल्यापेक्षा कमी दिली तर ती सेवेतली त्रुटी. जाहिरातीत खोटं वर्णन केलं किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवली तर ती दिशाभूल करणारी जाहिरात. व्हॉट्सअॅपवरचं चित्रसुद्धा जाहिरातच आहे.

कुणी म्हणेल, हा धार्मिक प्रवास आहे, त्याला ग्राहकाचा कायदा कसा लागेल? याचं उत्तर शोधताना मला एक निकाल सापडला. हज-उमराह नेणाऱ्या खासगी टूरवाल्यांची संघटना आणि इतर काही जण जीएसटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आमची सेवा धार्मिक कार्याशी जोडलेली आहे, म्हणून करातून सूट द्या, अशी मागणी होती. २६ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. मी वकील नाही, आणि तो निकाल कराबद्दल आहे, ग्राहक हक्काबद्दल नाही. पण एक गोष्ट त्यातून माझ्या डोक्यात साफ झाली. काबाभोवतीचा तवाफ ही इबादत आहे. विमान, हॉटेल, बस आणि जेवण हे पैसे मोजून घेतलेलं काम आहे. इबादतीचा हिशेब वरती होईल. हॉटेलचा हिशेब इथे मागता येतो.

मी काय केलं आणि त्यात काय चुकलं, ते क्रमाने सांगतो.

आधी मी टूरवाल्यांकडे गेलो. चहा आला. त्यांनी दोन उत्तरं दिली. पहिलं, "हॉटेल हरममध्येच होतं." हे ऐकून मी गोंधळलो. नंतर लक्षात आलं की हरम या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मस्जिद-ए-हराम आणि दुसरा मक्केभोवतीची मोठी पवित्र हद्द, जिच्यात जवळजवळ सगळं शहरच येतं. जाहिरातीत ४०० मीटर मशिदीपासून वाटावेत असं लिहायचं आणि भांडण झालं की हद्दीवर जायचं. दुसरं उत्तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं : "हॉटेल बदलण्याचा हक्क राखीव."

या बारीक अक्षराला तुम्ही सगळे घाबरता, मीही घाबरलो होतो. पण जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा साधा अर्थ असा, की तळटीप मुख्य दाव्याचा खुलासा करू शकते, पण त्याच्या उलट जाऊ शकत नाही. वर "पायी पाच मिनिटं" आणि मागे "कुठेही ठेवू" हे चालत नाही. हॉटेल बदलावं लागलं तर त्याच तोडीचं द्यावं, किंवा आधी सांगून फरकाचे पैसे परत करावेत, एवढी अपेक्षा कुणीही शहाणा माणूस करेल.

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. नंबर १९१५, मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या बाबतीत ही हेल्पलाइन चांगली चालते, कारण अनेक कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. तालुक्यातल्या लहान टूरवाल्यावर तिचा तेवढा जोर नाही, आणि ती आदेशही देऊ शकत नाही. त्यांनी मला पुढचा रस्ता दाखवला : लेखी नोटीस आणि मग जिल्हा आयोग.

नोटीस मी स्वतः लिहिली, दोन पानांची. काय कबूल केलं होतं ते डावीकडे, काय मिळालं ते उजवीकडे. त्याखाली मागणी : ६० हजार रुपये, पंधरा दिवसांत. स्पीड पोस्टाने पाठवली आणि पोच जपून ठेवली. त्यासोबत नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगासाठी तयार केलेल्या तक्रारीचा मसुदाही जोडला. हा मसुदा बघूनच त्यांचा सूर बदलला असं मला वाटतं.

हा मसुदा लिहिताना मला चार गोष्टी कळल्या, त्या तुम्ही आजच लिहून घ्या. एक, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. टूरवाला मुंबईचा असो की दिल्लीचा, सटाण्याच्या माणसाला नाशिकचा आयोग आहे. दोन, तुम्ही मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तीन, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. चार, वकील लागतोच असं नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. ऑनलाइन दाखल करायला तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं आहे.

कायद्यात लिहिलंय की प्रकरण शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावं. प्रत्यक्षात तारखा पडतात, वेळ जातो. हे मी लपवणार नाही. म्हणूनच कायद्यात मध्यस्थीची सोय आहे आणि म्हणूनच आम्हीही समझोत्याला तयार झालो.

आता चुका. माझ्याकडे हॉटेलचा तारीख असलेला एकही फोटो नव्हता. अम्मीच्या फोनमध्ये काबाचे दीडशे फोटो होते आणि खोलीचा एकही नव्हता. ९२ हजारांपैकी माणशी २० हजार रोख दिलेले होते, त्याची पावती मागूनही लवकर मिळेना. जाहिरातीचं चित्र मी डिलीट केलं होतं, ते चुलत भावाच्या ग्रुपमधून शोधून काढावं लागलं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे साक्षीदार. त्या गटात एकूण ३४ जण होते. मी अकरा जणांना फोन केले. सगळ्यांनी खाजगीत सांगितलं, हो, फसवलं. लिहून द्यायला एकच तयार झाले, नामपूरकडचे एक निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आता नाही कसं म्हणू?"

जुलै २०२४ मध्ये समझोता झाला. आम्हाला ४० हजार परत मिळाले. पाच महिने लागले. जिंकलो असं मी म्हणणार नाही, सहा फजर परत येत नाहीत. पण त्यानंतर त्यांच्या जाहिरातीत हॉटेलचं नाव आणि चालण्याचं अंतर लिहून यायला लागलं. आणि ज्या अब्बांना तोंड कसं दाखवू अशी काळजी होती, त्यांना मशिदीबाहेर तीन लोकांनी हळूच विचारलं, नोटीस कशी लिहायची?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण तुम्ही उमराहपेक्षा जास्त गोवा आणि महाबळेश्वर बुक करता. मी दोन वर्षं हॉटेल बुकिंगच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आहे. "बीचपासून ६०० मीटर" हा आकडा बहुतेक वेळा मशीन काढतं. नकाशावरच्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा. मध्ये खाडी असो, भिंत असो की टेकडी, रेषेला काही फरक पडत नाही. म्हणून अंतर कधीही साइटवर बघू नका. हॉटेलचं नाव मॅपमध्ये टाका आणि पायी जाण्याचा रस्ता काढा. दहा सेकंदांचं काम आहे.

"फक्त एक खोली शिल्लक", "आत्ता सतरा जण बघत आहेत" असं दिसतं ना? काही ठिकाणी ते खरं असतं, काही ठिकाणी ते तुम्हाला घाई करायला लावण्यासाठी असतं. पहिल्या पानावर १,८०० आणि पैसे भरताना २,६००, किंवा तुम्ही न मागता विम्याच्या चौकटीत आधीच टिक. याला डार्क पॅटर्न म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने असे तेरा प्रकार नाव घेऊन बंद केले. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तो पुरावा आहे.

ऑनलाइन बुकिंगसाठी २०२०चे ई-कॉमर्स नियमही आहेत. प्रत्येक साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची. आणि सेवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेता पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही, हे त्यात सरळ लिहिलं आहे. तुम्ही तक्रार कराल तेव्हा हेच वाक्य लिहा.

मोठ्या कंपनीसमोर आपलं कोण ऐकणार, असं वाटत असेल तर यात्रा या ऑनलाइन कंपनीचं प्रकरण बघा. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे अडकले होते. २०२१ मध्ये या कंपनीकडे ३६,२७६ बुकिंगचे २६ कोटींहून जास्त रुपये बाकी होते. केंद्रीय प्राधिकरणाने पाठपुरावा केला आणि जून २०२४ पर्यंत ही बाकी सुमारे अडीच कोटींवर आली. उरलेलेही परत करा, असा आदेश निघाला. याची सुरुवात हेल्पलाइनवर साध्या माणसांनी केलेल्या तक्रारींतून झाली.

एक फरक लक्षात ठेवा. हॉटेल लांब निघालं, खोली वेगळी निघाली, तर ते ग्राहक आयोगाचं काम. माणूस पैसे घेऊन गायबच झाला, तर ती फसवणूक, पोलिसांचं काम. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, त्यात तासांना महत्त्व असतं.

आणि हजबद्दल वेगळी सूचना. २०२५च्या हजला भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यातले १,२२,५१८ हज कमिटीमार्फत गेले. उरलेल्या जागा खासगी टूरवाल्यांच्या होत्या. आठशेहून जास्त टूरवाल्यांचे २६ गट केले होते. मीनामधल्या छावण्या, निवास आणि वाहतूक यांचे करार या गटांनी मुदतीत केले नाहीत, असं सरकारने एप्रिलमध्ये सांगितलं. सौदीने पोर्टल पुन्हा उघडलं ते १०,००० जणांसाठी. हजारो लोक पैसे भरून, एहराम घेऊन घरी बसले. म्हणून खासगी हजचे पैसे भरण्याआधी त्या टूरवाल्याचं नाव अल्पसंख्याक मंत्रालयाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, ते आधी बघा.

आता शेवटचं. घरातले मोबाइल आपल्या हातात असतात, म्हणून हे काम आपलं आहे. आई-वडील, खाला, शेजारचे चाचा जेव्हा कुठे जायला निघतील, तेव्हा पाच गोष्टी करा. हॉटेलचं नाव आणि खोलीत किती जण, हे लेखी घ्या. अंतर "मस्जिद-ए-हरामच्या अंगणापासून पायी" असं लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. जाहिरातीचं चित्र आणि चॅट ईमेलवर पाठवून ठेवा, फोन हरवतो. आणि निघताना त्यांना सांगा, पहिल्या दिवशी खोलीचा आणि हॉटेलच्या दाराचा एक फोटो काढून पाठवा. गडबड दिसली तर त्याच दिवशी टूरवाल्याला मेसेज करा. "आम्हाला सांगितलंच नाही" असं म्हणायला त्याला जागा ठेवू नका.

मला हा विषय सुचला तो अम्मीमुळे. समझोत्याचे ४० हजार आले तेव्हा ती म्हणाली, हे पैसे वेगळे ठेव. मला वाटलं, गुडघ्याच्या उपचाराला. ती म्हणाली, "नाही, तुझी खाला जाणार आहे पुढच्या वर्षी. तिला जवळचं हॉटेल घे. फरक मी देईन."

गेल्या वर्षी खाला गेली. हॉटेल ५५० मीटरवर होतं. जाहिरातीतही ५५० च लिहिलं होतं. आठही फजर तिने हरममध्ये पढल्या.

आपल्या गावात रविवारी दोन तास बसून लोकांना नोटीस लिहून देणारी चार पोरं हवी आहेत. इंजिनिअर, वकील असायची गरज नाही. मराठी लिहिता यावं आणि पीडीएफ जोडता यावी. पहिला मसुदा मी देतो. ज्यांना यायचंय त्यांनी खाली उतरल्यावर मला नाव द्या.